कौटुंबिक पटखेळांतील भुते आणि राक्षस : भय, नियम आणि समानता यांचा चिकित्सक विचार

प्रस्तावना :

भूत ही कल्पना आणि कुटुंब ही संस्था यांचे नाते जुने आहे. मुलाला भुताची पहिली ओळख बहुधा घरातच होते आणि ती वडीलधाऱ्यांच्या तोंडून होते. या व्यवहारात एक ठरलेली विषमता असते. भूत सांगणारा मोठा असतो आणि भिणारा लहान असतो. भुताचे स्वरूप काय, ते केव्हा येते, कशाने जाते, याचे ज्ञान सांगणाऱ्याच्या स्वाधीन असते. 'झोप, नाहीतर बागुलबुवा येईल' या वाक्यात बागुलबुवाचा सूत्रधार कोण, हे सांगण्याची गरज नसते.

गेल्या काही दशकांत जर्मनी, फ्रान्स, अमेरिका, कॅनडा इत्यादी देशांत कुटुंबाने एकत्र बसून खेळावयाचे जे नवे पटखेळ निर्माण झाले, त्यांत भुतांचा व राक्षसांचा वावर लक्षणीय आहे. या खेळांकडे सामान्यतः दोन दृष्टींनी पाहिले जाते. एक दृष्टी व्यापाराची आहे, म्हणजे आकर्षक चित्रे, सुबक बाहुल्या आणि विकला जाणारा विषय. दुसरी दृष्टी बालमानसशास्त्राची आहे, म्हणजे भयाशी ओळख करून घेऊन भयावर मात करणे. दोन्ही दृष्टींत तथ्य आहे. परंतु दोन्हींमध्ये खेळाचा गाभा म्हणजे त्याचे नियम दुर्लक्षित राहतात. चित्र काढून टाकले तरी नियम उरतात आणि पटाभोवती बसलेल्या माणसांचे परस्परसंबंध ते नियमच ठरवितात.

प्रस्तुत लेखात पुढील विचार मांडला आहे. भुताच्या पटखेळात मोठी माणसे व मुले प्रथमच भुताच्या एकाच बाजूला, म्हणजे समोर, येऊन बसतात. भुताविषयीचे ज्ञान नियमपुस्तिकेत असल्यामुळे ते सर्वांना सारखे मिळते. मात्र ही समानता केवळ पट मांडल्याने टिकत नाही. तिची तरतूद नियमांतच करावी लागते. ज्या खेळात अशी तरतूद आहे तो खेळ कौटुंबिक या विशेषणाला पात्र ठरतो. जेथे ती नाही, तेथे कितीही सुंदर राक्षस असला तरी घरातील जुनी विषमता मागील दाराने परत येते. या निकषावर काही निवडक खेळांची चिकित्सा करणे हा लेखाचा उद्देश आहे.

भयानक रस आणि खेळातील भय :

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात भयानक रसाचा विचार करताना विकृत आवाज, भुताखेतांचे दर्शन, ओसाड घर, अरण्य अशी कारणे सांगितली आहेत. आजच्या पटखेळांच्या खोक्यांवरील चित्रे पाहिली तर हीच सामग्री दिसते. पडका वाडा, निर्जन जिना, रात्रीचे रान यांत फारसा बदल झालेला नाही. रससिद्धान्तानुसार प्रेक्षकाला भय आस्वाद्य वाटते, कारण ते त्याचे व्यक्तिगत भय नसते. रंगमंचावरील पात्र भिते आणि प्रेक्षक त्या भयाचा आस्वाद घेतो.

पटखेळाला हा सिद्धान्त जसाच्या तसा लागू पडत नाही. खेळणारा एकाच वेळी पात्रही असतो आणि प्रेक्षकही असतो. सोंगटी त्याची असते, निर्णय त्याचा असतो आणि डाव हरला तर हारही त्याचीच असते. भूत खोटे असले तरी पराभव खरा असतो. भुताच्या कौटुंबिक खेळात मूल ज्याला भिते ते बहुतेक वेळा पुठ्ठ्यावरील चित्र नसते. हातातील डाव जाईल याचे ते भय असते. चित्र या भयाला नाव आणि रूप देते. म्हणून या खेळांची समीक्षा चित्रांपासून सुरू करण्याऐवजी हार कशी होते आणि ती कोणाची होते, येथून सुरू करणे अधिक योग्य ठरते.

फ्रेंच विचारवंत रोजे कायवा यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात खेळांचे स्पर्धा, दैव, सोंग आणि घेरी असे चार वर्ग केले. त्यांतील स्पर्धा आणि दैव हे दोन वर्ग परस्परविरुद्ध भासले तरी दोन्हींचे कार्य एकच आहे, हे त्यांचे निरीक्षण येथे महत्त्वाचे ठरते. प्रत्यक्ष जीवनात न मिळणारी समानता हे दोन्ही प्रकार कृत्रिमरीत्या निर्माण करतात. प्रश्न एवढाच उरतो की, आठ वर्षांचे मूल आणि चाळीस वर्षांचे पालक यांच्यात ही समानता कोणत्या मार्गाने निर्माण करावयाची.

दैवाने दिलेली समानता : सापाचा पट

या प्रश्नाचे सर्वांत जुने आणि सर्वांत परिचित उत्तर भारतीय आहे. सापशिडीचा पूर्वज असलेला पट महाराष्ट्रात मोक्षपट या नावाने ओळखला जातो आणि परंपरा त्याचे कर्तृत्व संत ज्ञानेश्वरांकडे देते. या पटावरील साप म्हणजे दुर्गुण आणि शिड्या म्हणजे सद्गुण होत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये गेला आणि तेथे त्याला तेथील नीतिकल्पनांचे रूप देण्यात आले. पुढे नीतीचा भाग गळून पडला, साप मात्र राहिला.

कौटुंबिक पटखेळातील पहिला राक्षस म्हणून या सापाचा विचार करता येतो. त्याच्यासमोर आजी आणि नात खऱ्या अर्थाने समान असतात, कारण दोघींच्याही हाती काही नसते. दान पडेल तसे जावयाचे. येथे समानता पूर्ण आहे. परंतु तिची किंमतही पूर्ण आहे. कोणालाच निर्णय घ्यावा लागत नाही. मोक्षपटाच्या तत्त्वविचारात या असहायतेला अर्थ होता, कारण जीवाचा प्रवास कर्माच्या दानावर चाललेला होता. तत्त्वविचार गळाल्यावर केवळ असहायता उरते. मूल सापाला भिते, पण सापाबद्दल त्याला काही करता येत नाही. नंतरच्या खेळकर्त्यांपुढील आव्हान असे की, मुलाच्या हाती निर्णय द्यावयाचा आणि तरीही मोठ्यांशी असलेली त्याची बरोबरी टिकवावयाची.

स्मरण आणि संशय :

जर्मनीत १९७९ पासून वर्षातील उत्कृष्ट खेळाला 'श्पील देस यारेस' हा पुरस्कार दिला जातो. मुलांच्या खेळासाठीचा 'किंडरश्पील देस यारेस' हा स्वतंत्र पुरस्कार २००१ पासून दिला जाऊ लागला. २००४ मध्ये हा पुरस्कार मिशेल शानेन यांच्या 'गाइस्टरट्रेप्पे' म्हणजे 'भुतांचा जिना' या खेळाला मिळाला. चार वर्षांवरील मुलांसाठी असलेल्या या खेळाची कथा साधी आहे. काही मुले एका जुन्या जिन्यावरून वर चढत आहेत. वर राहणाऱ्या भुताला दचकवायचे, असा त्यांचा बेत आहे. भिणारा आणि भिवविणारा यांच्या भूमिकांची अदलाबदल कथेतच झालेली आहे.

या खेळाचा खरा विशेष त्याच्या सोंगट्यांत आहे. फाशावर भुताचे चिन्ह आले की खेळणारा एका सोंगटीवर पांढऱ्या भुताचे टोपण घालतो. सोंगटी व टोपण लोहचुंबकाने जोडली जातात आणि आतील सोंगटीचा रंग दिसेनासा होतो. सर्व सोंगट्या झाकल्या गेल्यानंतर पुन्हा चिन्ह आले, तर दोन भुतांच्या जागा बदलता येतात. आपली सोंगटी कोणत्या भुताखाली आहे, हे प्रत्येकाने लक्षात ठेवावयाचे असते. जे भूत प्रथम वर पोहोचते, ते उचलल्यावर ज्याची सोंगटी निघेल तो जिंकतो. त्यामुळे कोणी मोठ्या आत्मविश्वासाने दुसऱ्याचीच सोंगटी वर नेऊन पोहोचवितो, असा प्रसंग या खेळात सहज घडतो.

येथे दैवाला स्थान आहे, परंतु जागा बदलण्याचा निर्णय खेळणाऱ्याचा आहे. शिवाय निर्णयाचा आधार स्मरणाचा आहे. वय, अनुभव, हिशेब यांमुळे मोठ्यांना मिळणारा लाभ स्मरणाच्या खेळात बराच कमी होतो. लहान मुले अशा खेळात मोठ्यांच्या बरोबरीने उतरू शकतात आणि त्यासाठी मोठ्यांना मुद्दाम हरावे लागत नाही. मुद्दाम हरणे हा कौटुंबिक खेळातील सर्वांत नाजूक प्रसंग आहे. मुलाला ते कळले, तर त्याच्या विजयाचे मोल नाहीसे होते. 'गाइस्टरट्रेप्पे' पालकांना या लबाडीपासून मुक्त करतो. येथील भूत म्हणजे आपण कोण आहोत याचा विसर होय आणि हे भूत मोठ्यांनाही तितक्याच सहजतेने झपाटते.

याच वाटेवरील अधिक जुना खेळ म्हणजे अलेक्स रँडोल्फ (१९२२–२००४) यांचा 'गाइस्टर' (१९८२). हा दोघांचा खेळ आहे. सहा गुणिले सहा घरांच्या पटावर प्रत्येकाची आठ भुते असतात. चार चांगली आणि चार वाईट. खूण भुताच्या पाठीवर असल्यामुळे ती फक्त मालकाला दिसते. समोरच्याची सर्व चांगली भुते पकडली, अथवा आपले एक चांगले भूत समोरच्याच्या कोपऱ्यातील दारातून बाहेर नेले, अथवा आपली सर्व वाईट भुते समोरच्याला पकडावयास लावली, की डाव जिंकता येतो. समोरून सगळी भुते सारखीच दिसतात. त्यामुळे खेळणाऱ्याला भुतापेक्षा ते चालविणाऱ्या माणसाचा चेहरा वाचावा लागतो.

या नियमाचा परिणाम दूरगामी आहे. घरात मुलाचा चेहरा मोठी माणसे सतत वाचत असतात. मुलाने मोठ्यांचा चेहरा वाचावा आणि त्यांना फसवावे, याला मान्यता देणारे प्रसंग फारसे नसतात. 'गाइस्टर' अशी मान्यता नियमानेच देतो. चांगले-वाईट हा भेद बाह्य रूपावरून ओळखता येत नाही, ही गोष्ट उपदेश न करता प्रत्येक चालीत अनुभवास येते. अवघ्या सोळा सोंगट्या आणि काही ओळींचे नियम एवढ्या सामग्रीत हे साधले आहे. भुतांच्या खेळांतील सर्वांत काटकसरी आणि सर्वांत भेदक रचनांमध्ये त्याची गणना करावी लागेल.

दोघांचे काम : सहकारी खेळांतील भुते

वरील दोन्ही खेळ स्पर्धेचे आहेत. एकविसाव्या शतकात मात्र कौटुंबिक खेळांत सहकारी पद्धती बळावली. या पद्धतीत सर्व खेळणारे एका पक्षात असतात आणि विरुद्ध पक्ष पत्त्यांचा गठ्ठा, फासा व नियम मिळून चालवितात. भूत या विरुद्ध पक्षाला साजेसा चेहरा देते. भूत यांत्रिक नियमाने चालते, एका विशिष्ट गोष्टीला बांधलेले असते, त्याच्याशी तडजोड होत नाही, ही लोककल्पना आणि पत्त्यांच्या गठ्ठ्याचे वर्तन यांत स्वाभाविक साम्य आहे.

ब्रायन यू यांचा 'गाइस्टर, गाइस्टर, शाट्झझूखमाइस्टर!' हा खेळ मॅटेल या कंपनीने प्रसिद्ध केला आणि २०१४ मध्ये त्याला 'किंडरश्पील देस यारेस' मिळाला. एका झपाटलेल्या घरातून आठ रत्ने बाहेर काढावयाची, हे खेळणाऱ्यांचे उद्दिष्ट असते. प्रत्येकाच्या पाठीवरील पिशवीत एका वेळी एकच रत्न मावते. दरम्यान खोल्यांत भुते वाढत जातात. एका खोलीत तीन भुते जमली की त्यांच्या जागी एक मोठे लाल भूत येते आणि अशी सहा लाल भुते पटावर उभी राहिली की सर्वांचा डाव जातो.

या खेळातील भय साठत जाणारे आहे. एका भुताने काही बिघडत नाही; दुर्लक्ष केल्याने बिघडते. त्याहून महत्त्वाचा नियम असा की, साधे भूत एकट्याने घालविता येते, परंतु लाल भुताशी लढण्यासाठी किमान दोन गडी त्याच खोलीत असावे लागतात. मोठा मनुष्य कितीही कुशल असला तरी त्याला एकट्याला लाल भूत हटविता येत नाही. त्याला मुलाची वाट पाहावी लागते. 'अंधारात एकटा जाऊ नकोस' ही घरातील सूचना येथे मोठ्यांनाही तितकीच लागू होते.

आनिक लोबे यांच्या 'झॉम्बी किड्झ इव्हॉल्यूशन' (२०१८) या खेळातही हेच तत्त्व अधिक सोप्या रूपात आहे. माँट्रियल येथील स्कॉर्पियों मास्के या प्रकाशनाने काढलेला हा खेळ सात वर्षांवरील मुलांसाठी आहे आणि एक डाव पाच ते पंधरा मिनिटांत संपतो. शाळेत शिरणाऱ्या झॉम्बींना रोखण्यासाठी चार दारांना कुलपे लावावयाची असतात आणि प्रत्येक कुलपासाठी दोन गड्यांनी त्या दाराशी एकत्र यावे लागते. डावांमागून डाव खेळत गेल्यावर बंद लिफाफे उघडतात व नवे नियम, नवी सामर्थ्ये मिळतात. नियम टप्प्याटप्प्याने येत असल्यामुळे पालक आणि मूल ते एकाच वेळी शिकतात. नियम आधीपासून जाणणारा मोठा आणि न जाणणारा लहान, हा भेद येथे बऱ्याच अंशी नाहीसा होतो. या खेळाचे हे यश त्याच्या चित्रांपेक्षा अधिक मोलाचे आहे.

राक्षसांचे वाचन आणि मोठ्यांचा आवाज : 'हॉरिफाइड'

रॅव्हेन्सबर्गर या कंपनीने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला 'हॉरिफाइड' हा खेळ या प्रकारातील बहुचर्चित खेळ आहे. त्याची रचना प्रॉस्पेरो हॉल या गटाने केली आहे. युनिव्हर्सल या चित्रपटसंस्थेच्या 'ड्रॅक्युला' (१९३१), 'फ्रँकेन्स्टाइन' (१९३१), 'द ममी' (१९३२), 'द इन्व्हिजिबल मॅन' (१९३३), 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' (१९३५), 'द वुल्फ मॅन' (१९४१) आणि 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून' (१९५४) या चित्रपटांतील राक्षस येथे एका गावावर चालून येतात. खेळणारे वस्तू गोळा करतात, गावकऱ्यांना सुरक्षित स्थळी पोहोचवितात आणि राक्षसांचा बंदोबस्त करतात. कोणी बळी पडला की दहशतीची पातळी वाढते. ती अखेरच्या घरात पोहोचली किंवा राक्षसांच्या पत्त्यांचा गठ्ठा संपला, तर सर्वजण हरतात.

या खेळाचे साहित्यिक वैशिष्ट्य असे की, प्रत्येक राक्षसाचा निरास वेगळ्या मार्गाने होतो आणि तो मार्ग त्याच्या कथेतून आलेला असतो. ड्रॅक्युलाच्या शवपेट्या फोडाव्या लागतात. अदृश्य मनुष्याविरुद्ध पुरावे गोळा करून पोलीस ठाण्यात न्यावे लागतात. फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस आणि त्याची वधू यांना मात्र मारावयाचे नसते. त्यांना माणुसकी शिकवावयाची असते आणि ती शिकण्यापूर्वी त्यांची भेट होऊ द्यावयाची नसते. भेट अकाली झाली, तर दहशत वाढते.

हा नियम म्हणजे एक प्रकारचे पुनर्लेखन आहे. १९३५ च्या चित्रपटात वधू राक्षसाला पाहून किंचाळते व त्याला नाकारते आणि त्या नकारातून शेवटचा विध्वंस घडतो. खेळ तो शेवट दुरुस्त करू पाहतो. आधी संस्कार, मग भेट. 'द वुल्फ मॅन' या चित्रपटात लांडगा झालेल्या मुलाला त्याचा स्वतःचा पिता चांदीच्या मुठीच्या काठीने ठार करतो. खेळात मात्र त्याच्यासाठी उपाय शोधावा लागतो. पिता-पुत्राची ही शोकान्तिका कौटुंबिक पटावर उपचारात बदलते, हे अर्थपूर्ण आहे. ज्या मुलाने मूळ चित्रपट पाहिलेले नाहीत, त्यालाही सगळे राक्षस सारखे नसतात, काहींना हटवावे लागते आणि काहींना समजून घ्यावे लागते, एवढे या नियमांतून कळते. या दृष्टीने 'हॉरिफाइड' हा राक्षसांचे वाचन करावयास लावणारा खेळ आहे.

तथापि लेखाच्या निकषावर तो पूर्णपणे उतरत नाही. या खेळातील जवळजवळ सर्व माहिती पटावर उघडी असते. राक्षस कोठे आहे, कोणती वस्तू कोणाजवळ आहे, कोणती वस्तू कोठे न्यावयाची, हे सर्वांना दिसते. अशा स्थितीत हिशेबात तरबेज असलेली व्यक्ती सर्वांच्या वतीने विचार करू शकते आणि बहुधा करतेही. 'तू इकडे जा, ते उचल, आता तिकडे दे' अशा सूचना सुरू झाल्या की मुलाची सोंगटी मुलाच्या हाताने हलते, पण मुलाच्या बुद्धीने हलत नाही. या सूचनांना आळा घालणारा नियम खेळात नाही. सहकारी खेळांचा हा सर्वपरिचित दोष आहे. परंतु कौटुंबिक खेळात तो अधिक गंभीर ठरतो, कारण तेथे सूचना देणाऱ्याजवळ खेळाबाहेरचा अधिकारही असतो. राक्षस हरतो, गाव वाचते आणि मुलाला मात्र आपण काही केल्याचे समाधान मिळत नाही.

मुके भूत : 'मिस्टेरियम'

'हॉरिफाइड'मध्ये राहिलेल्या उणिवेचे एक उत्तर 'मिस्टेरियम' (२०१५) या खेळात आढळते. ओलेक्सांद्र नेव्हस्की आणि ओलेग सिदोरेन्को यांचा हा खेळ लिबेल्युद या फ्रेंच प्रकाशनाने काढला. येथे एक खेळणारा भूत होतो आणि इतर सर्वजण भुताशी संवाद साधणारे माध्यम होतात. भूत स्वतः एका गुन्ह्याचा बळी असते आणि त्याला न्याय हवा असतो. मात्र त्याला बोलता येत नाही. स्वप्नवत चित्रांचे पत्ते देऊन ते प्रत्येक माध्यमाला त्याच्या वाट्याचा संशयित, स्थळ आणि शस्त्र सुचविते. हे सर्व सात फेऱ्यांत ओळखावयाचे असते.

मराठी वाचकाला येथे वेताळपंचविशीची आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथेही भूत नियमाने बांधलेले आहे आणि राजाही. वेताळ बोलतो व राजाने मौन पाळावयाचे असते. उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले होतील आणि तो बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर जाईल. 'मिस्टेरियम'मध्ये ही रचना उलटी झाली आहे. प्रश्न मुक्या भुताचा आहे आणि बोलावयाचे आहे ते जिवंत माणसांनी. दोन्हीकडे मौन हाच खेळाचा कणा आहे.

या मौनाचे कौटुंबिक मूल्य मोठे आहे. सर्व उत्तरे ज्याला ठाऊक आहेत तोच येथे बोलू शकत नाही. भुताची भूमिका मोठ्यांनी घेतली, तर सूचना देण्याची त्यांची सवय नियमानेच बंद होते. मुलाचा तर्क चुकीच्या दिशेने जात असता त्यांना केवळ पाहत राहावे लागते. भुताची भूमिका मुलाने घेतली, तर मोठी माणसे त्याच्या मनात काय आहे याचा शोध घेत बसतात. चित्राचा अर्थ लावण्यात वयाचा अधिकार चालत नाही. माध्यमांना परस्परांशी चर्चा करण्याची मुभा आहे. पण प्रत्येकाचे पत्ते वेगळे असल्यामुळे अंतिम निर्णय ज्याचा त्याचा राहतो. मात्र भूत होणाऱ्याला चित्रांची निवड करताना बराच वेळ लागतो आणि तोपर्यंत इतरांना थांबून राहावे लागते, ही या रचनेची उणीव नोंदविली पाहिजे.

एका आक्षेपाचा विचार :

मोठ्यांचे मार्गदर्शन हा दोष का मानावा, असा आक्षेप येथे घेता येईल. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी मुलाच्या विकासात जाणत्या व्यक्तीच्या साहाय्याचे महत्त्व दाखवून दिले आहे. जे मुलाला आज साहाय्याने करता येते ते उद्या स्वतंत्रपणे करता येईल, हा त्यांचा विचार शिक्षणक्षेत्रात सर्वमान्य आहे. मग 'हॉरिफाइड'च्या पटावर वडिलांनी मार्ग दाखविला, तर बिघडले काय?

या आक्षेपाचे उत्तर त्याच विचारसरणीत आहे. साहाय्य हे पुढे काढून घेण्यासाठी असते. शिवाय खेळात मूल आपल्या नेहमीच्या वर्तनाच्या वरच्या पातळीवर वावरते, असे व्हिगॉट्स्की यांनीच म्हटले आहे. ही वरची पातळी गाठण्यासाठी मुलाला चुकण्याची मोकळीक हवी. वर्गात, अभ्यासात, शिस्तीत मार्गदर्शनाच्या अनेक जागा आहेत. पट ही अशी थोडक्या जागांपैकी एक आहे की, जेथे मुलाच्या चुकीने सर्वांचे नुकसान होऊनही कोणाचे काहीच बिघडत नाही. ती जागाही मार्गदर्शनाने भरून टाकली, तर खेळ आणि शिकवणी यांतील सीमारेषा पुसली जाते. लाल भुताच्या खोलीत मूल वेळेवर न पोहोचल्यामुळे डाव हरणे हे त्या मुलासाठी आणि पालकांसाठीही मार्गदर्शित विजयापेक्षा अधिक मोलाचे आहे.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. भुतांच्या कौटुंबिक पटखेळांत भय सुसह्य होते याचे कारण भूत दुबळे असते हे नाही. भूतही नियमाने बांधलेले असते हे आहे. तो नियम सर्वांना सारखाच ज्ञात असल्यामुळे भुताविषयीच्या ज्ञानावर मोठ्यांची मक्तेदारी राहत नाही.

२. मोठे आणि लहान यांच्यातील समानता साधण्याचे मार्ग खेळागणिक वेगळे आहेत. सापाचा पट ती दैवाने देतो, 'गाइस्टरट्रेप्पे' स्मरणाने, 'गाइस्टर' संशयाने, 'शाट्झझूखमाइस्टर' व 'झॉम्बी किड्झ' दोघांच्या आवश्यक उपस्थितीने आणि 'मिस्टेरियम' मौनाने देतो.

३. 'हॉरिफाइड' हा खेळ राक्षसांच्या कथांचे सूक्ष्म वाचन करणारा आहे. परंतु सर्व माहिती उघडी ठेवल्यामुळे त्यात मोठ्यांच्या वर्चस्वाला अटकाव राहत नाही. कथेची समृद्धी आणि निर्णयाची समानता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

४. मराठी लोकपरंपरेत वेताळ, मुंजा, हडळ, खवीस, ब्रह्मराक्षस अशी भुतांची समृद्ध सृष्टी आहे. त्यांतील बहुतेकांना स्वतःचे नियमही आहेत. मुंजा पिंपळाला बांधलेला आहे, तर वेताळ राजाच्या मौनाशी. या सृष्टीवर पटखेळ रचावयाचा झाल्यास परदेशी खेळातील राक्षसाचे चित्र बदलून मुंजाचे चित्र लावणे पुरेसे होणार नाही. मुंजाचा नियम हाच खेळाचा नियम व्हावा लागेल.

रात्री गोष्ट सांगून झाल्यावर दिवा मालविणारा हात आजवर मोठ्यांचाच राहिला आहे. चांगला पटखेळ तो अधिकार काढून घेत नाही. एका डावापुरता तो सर्वांत वाटून देतो. तेवढ्या वेळात मुलाला आपल्या पाळीची वाट पाहता यावी, आपली चूक आपण करता यावी आणि जिंकल्यास तो विजय खरोखर आपला आहे असे वाटावे, एवढी अपेक्षा या खेळांकडून करणे गैर ठरणार नाही.